मागून आणलेल्या खुर्च्या

मये गावाच्या कडेला, खाणीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत ते घर होतं. पदवी घेऊन मी कंत्राटी सर्वेक्षणाच्या कामाला लागले होते. आमच्या माहितीवरून दोन गोष्टी ठरणार होत्या: राज्याच्या कमाईतला किती वाटा तळातल्या घरांपर्यंत पोचतो, आणि मदतीच्या यादीत कोणतं घर राहतं. सोबत पर्यवेक्षक होते.

घरातली बाई सिंधुदुर्गातून आलेली. नवरा खाणीच्या ट्रकवर क्लीनर होता. खाण बंद पडल्यापासून मिळेल ती मजुरी. सरकारी माणसं येणार हे आदल्या दिवशी कळल्यामुळे तिनं अंगण सारवलं होतं. खोलीत चार खुर्च्या, टेबलफॅन, मिक्सर आणि काचेचे कप मांडले होते.

"बसा साहेब. बाय, तू पन बस गो. च्या घेतल्याशिवाय जावचा नाय."

पर्यवेक्षकांनी चहात पाव बुडवला. "पंखा आहे, मिक्सर आहे. टिक कर. अजून नऊ घरं आहेत."

रकान्यात 'स्वतःच्या मालकीचं' असं होतं. मी विचारलं, "मिक्सर तुमचाच?"

"आमचोच. मगे कोणाचो?"

भिंतीवर दिव्याचं एकच बटण होतं. मिक्सरची वायर लावायला जागाच नव्हती. कोपऱ्यातला पाटा ओला होता, त्याला खोबरं चिकटलेलं. आमच्याकडे खुर्च्या लग्नाबारशाला गावभर फिरतात, म्हणून त्यांच्या पाठीवर घरच्या नावाची आद्याक्षरं रंगवतात. ही अक्षरं या घराची नव्हती.

'नाही' लिहिलं तर मी तिला साहेबांसमोर खोटी ठरवणार होते. 'आहे' लिहिलं तर ती कागदावर सुखवस्तू होऊन यादीतून जाणार होती.

"काय गं, झोपलीस?" पर्यवेक्षक म्हणाले.

मी नववीत असताना शिष्यवृत्तीसाठी आमचं पेडण्याचं घर बघायला एक माणूस आला होता. कुणी आपल्याला भिकारी म्हणू नये म्हणून आईनं शेजाऱ्यांचा पलंग मागून आणला, त्यावर नवी चादर घातली. शिष्यवृत्ती गेली. माझी फी आमच्या मास्तरांनी भरली आणि आजवर त्याचा उच्चारही केला नाही. त्यांच्यामुळे मी पदवीधर झाले.

माझ्या तोंडून शब्द निघून गेले. "मावशे, माझ्या आवशीन पन शेजाऱ्यांचो पलंग हाडललो. माझी शिष्यवृत्ती गेली."

तिनं हातातला कप खाली ठेवला. पर्यवेक्षकांनी चावणं थांबवलं. आता ही आम्हाला बाहेर काढणार, असं मला वाटलं.

"तुझ्या आवशीक लाज होती," ती म्हणाली. "माका नाय?"

मी मान खाली घातली.  मग ती पर्यवेक्षकांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, उठा."

"आं?"

"खुर्ची शेजारणीची. मोडली तर भरून खयसून देव?"

ते गडबडून उठले, मीही उठले. तिनं चारही खुर्च्या एकात एक घातल्या आणि कुंपणापाशी नेऊन ठेवल्या. पलीकडे शेजारीण उभीच होती. परत येऊन तिनं खताच्या पोत्यांची शिवलेली चटई झटकून पसरली. पर्यवेक्षक गुडघे धरत खाली बसले, मीही बसले. ती भिंतीला टेकली.

"आता इचार. पयल्यापासून."

मी पेन्सिलीनं भरलेलं पान रबरानं पुसलं. "पंखा?"

"नाय," ती म्हणाली. कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.