चांदसाबची अमानत

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. तरी लिहायचं धाडस करतोय, जळकोटच्या वडीलधाऱ्यांनी माफ करावं. माझ्यासारखे जे सोलापुरात आलेत, त्यांनी चुकलेलं सांगावं.

कॉलेजसाठी निघालो त्या सकाळी आप्पा उंबऱ्यात बसून फिडल पुसत होते. व्हायोलिनला आमच्याकडं फिडलच म्हणतात. ते नळदुर्गच्या चांदसाबांचं. आप्पांना वाजवायला त्यांनीच शिकवलेलं. अणदूरच्या खंडोबापुढं दोघं मांडी घालून वाजवत. हैदराबादला जाताना चांदसाब ते आमच्याकडं ठेवून गेले. आत चिकटवलेल्या कागदावर इटलीतल्या गावाचं नाव आहे, हे मला कॉलेजात नकाशा पाहिल्यावर कळलं.

तेव्हा वाटेवर निजामाच्या माणसांच्या टोळ्या फिरत होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "तुमीबी चला की. चांदसाबच सांगत व्हते, ह्या फिडलाचा पयला धनी गोरा बँडमास्तर, पटकीनं गेला, दुसरा गोव्याचा, वाजवता वाजवता पडला. ह्याचा धनी म्हातारा हुत न्हाय."

आप्पा हसले. "म्या कुठं धनी हाय? म्या राखण्या. अमानत धन्याबिगर शिवेपल्याड न्यायची न्हाय, अन् टाकून तर जायचंच न्हाय. तू जा, लेकराला भाकरी कोण घालंल?"

तारा त्यांनी ढिल्या करून ठेवल्या होत्या. आवळायच्या त्या धन्यानंच.

निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी आमचं गाठोडं उचकटलं, तेव्हा अव्वा मागं वळून गावाकडंच बघत होती.

सोलापुरात विजेचा दिवा, लेक्चर, लायब्ररी. मी इंग्रजीत निबंध लिहायला शिकलो. अव्वा मात्र स्टोव्हवर भाकरी थापताना रोज एक जास्तीची करायची. गावाकडून येणाऱ्यांना आम्ही मोटार स्टँडवर गाठायचो. आधी ते म्हणायचे, "आप्पा बरे हाईत." पुढं पुढं ते नजर चुकवून म्हणायचे, "आमी लई आधी निघालो."

निजामाची सत्ता गेली त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. अव्वानं आपला पेढा आप्पांसाठी झाकून ठेवला.

घर कुठलं, असं कॉलेजात कुणी विचारलं की जळकोट म्हणतो. पण डोळ्यांपुढं गाव येत नाही. येतात उंबऱ्यातले आप्पा आणि ढिल्या तारा.

एका दुपारी चांदसाब दारात उभे राहिले. काखेत आप्पांच्या पटक्यात गुंडाळलेलं फिडल. अव्वानं आधी पटक्याला हात लावला.

"ह्ये कुठं हाईत?"

"भाभी, ज्वारीच्या पेवात माझी अमानत सुखरूप घावली," चांदसाब म्हणाले. "आप्पा पेवाच्या तोंडावर व्हते. आडवे."