कड्याकडे तोंड केलेला अँटेना

अँटेना बसवणारे काड्यामामा छपरावर चढले की आधी टाळी वाजवतात, असं काकूंनी ऐकलं होतं. लोक काय वाट्टेल ते सांगतात, म्हणून त्यांनी ते कानाआड केलं. आणि आज दुपारी मामा खरोखरच त्यांच्या पत्र्यावर उभे राहून चारी दिशांना टाळ्या वाजवत होते.

खाली अंगणात काकूंचा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी सातच्या बातम्या त्यांची मुलगी पहिल्यांदा वाचणार होती, आणि घरच्या टीव्हीत माणूस दिसायचा तो दोन-तीन सावल्यांसकट. एका मानेवर डोकी किती, ते मोजत बसावं. मास्तरांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, शिलाईचं दुकान सोडून मुलगी शहरात गेली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. त्याला दोन वर्षं झाली. आज सकाळी मात्र सुईत दोरा ओवताना त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, "चित्र नीट दिसेल का गं?" तेवढ्यावर काकूंनी मामांना निरोप धाडला.

दुकानदाराने गळ्यात मारलेला रुंद अँटेना मामांनी सोडवून खाली दिला.

"चांगलाय, पण मैदानात," ते म्हणाले. "हा सगळीकडचं ऐकतो. इथं पाच डोंगर. पाचही तेच सांगणार, पण मागंपुढं. म्हणून सावल्या पडतात. आपल्याला एकाचंच ऐकणारा पाहिजे."

मग त्यांनी खांद्यावरून आणलेला लांब, अरुंद, पंधरा काड्यांचा अँटेना वर घेतला. इथवर काकूंना पटलं. पण मामा तो टीव्हीच्या मनोऱ्याकडे पाठ करून बांधू लागले, तेव्हा त्या शिडीपाशी धावल्या. मनोरा घरामागच्या डोंगरापलीकडे, आणि हा अँटेना बघत होता समोरच्या उघड्याबोडक्या कड्याकडे.

"मामा, तिकडं नुसता दगड आहे."

"दगडच पाहिजे, ताई. मागच्या डोंगरातून सरळ काही येत नाही. पण हा कडा उंच. त्याला पलीकडचा मनोरा दिसतो. त्याच्यावर आपटून आपल्याकडं येतं. टाळी पण तिथूनच स्वच्छ परत आली."

मामांनी उमेदीची पंधरा वर्षं खाणीत सुरुंग लावण्यात घालवली होती. कुठला दगड आवाज गिळतो, कुठला परत देतो, हे तिथे कानात मुरलं. एक कान मात्र त्यातच गेला. उरलेल्या एका कानाच्या जिवावर खोऱ्यातली दोनशे घरं टीव्ही बघत होती. टाळीने निम्मं कळतं, असं ते स्वतःच सांगत. उरलेलं निम्मं पिशवीतल्या वीतभर टीव्हीवर बघून, अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवून. शिडी चढताना गुडघ्यांना शिव्या घालणारा हा म्हातारा पत्र्यावर मात्र मांजरासारखा वावरत होता. काकू मान दुखेपर्यंत बघत राहिल्या.

सात वाजले. पडद्यावर मुलगी आली. एकच मुलगी, एकच डोकं, कानातली कुडीसुद्धा दिसत होती. काकूंनी खिडकीतून कड्याकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी त्याला आडवा येणारा दगड म्हणून बोल लावला होता. आज त्याच्याच अंगावरून लेक घरी आली होती. त्यांनी नकळत हात जोडले.

मास्तर हळूहळू सरकत पडद्यापाशी गेले. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"वरचं काज बघ," ते म्हणाले. "तिरकं आहे."

काकूंनी पाहिलं. मुलीच्या अंगावर ते निळं जाकीट होतं. मुलीच्या नावाची पाटी दुकानावर लागेल त्या दिवशी घालायला म्हणून मास्तरांनी शिवलेलं. शहरात तिच्या ट्रंकेतच पडून असेल, असं दोघं धरून चालले होते.

"तेव्हा घाईत झालं माझ्या हातून," मास्तर म्हणाले. "बातम्या संपल्या की फोन लाव तिला. म्हणावं, जाकीट घेऊन ये. काज नीट करून देतो."