कॅमेऱ्यात येणारी भिंत

आमचे पप्पा, बबन सोनावणे, बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्रेशरची, तापमानाची मीटरं उघडायची, साफ करायची, पुन्हा जोडून तपासायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा मिक्सर बंद पडला की पप्पांना हाक यायची. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र सोडायचे नाहीत.

माझा धाकटा भाऊ राजरत्न नोकरीसाठी सिंगापूरला होता. तो आठवड्यातून एकदा फोन कार्डावरून बोलायचा, तोही घाईघाईत. आईचं विचारून होईपर्यंत कार्ड संपायचं आणि पप्पांची पाळी यायचीच नाही. २००७ च्या गणपतीच्या सुमारास तो म्हणाला, "पप्पा, घरी कंप्युटर आणि नेट घ्या. त्याच्यावरूनच फोन लावायचा. कितीही वेळ बोला."

पप्पांनी ते कंपनीचं काम असल्यासारखं अंगावर घेतलं. केबलवाल्याचं नेट की टेलिफोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड, हा पहिला प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामकांतकाकांकडे केबलवाल्याचं नेट होतं. पप्पा सलग चार संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसले. नेट कधी जातं, किती वेळानं येतं, ते वहीत लिहून घेतलं. काकांच्या पुतण्याला दुबईला फोन लावायला लावला आणि स्वतः कानाला हेडफोन लावून ऐकला.

"पाण्यात बुडून बोलल्यासारखा आवाज येतो," घरी येऊन सांगितलं. "त्याची वायर गच्चीवरून गच्चीवर जाते. मध्ये एखाद्या बिल्डिंगची लाइट गेली की सगळं बंद. आपण टेलिफोनचंच घेऊ."

अर्ज केला. तीन आठवडे वाट बघितली. लाइनमन मोडेम लावून गेल्यावर पप्पांनी त्याची वायर पुन्हा काढून, दरवाजाच्या चौकटीला लागून नीट खिळ्यांच्या क्लिपा मारून घेतली.

कंप्युटर आणायला उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. मी तेव्हा सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांमध्ये राहत होते, बदलापूरच्या एका शाळेत शिकवत होते, त्या रविवारी मुद्दाम आले. सिंधी दुकानदारानं कंप्युटर जुळवून दिला. वर एक छोटा फोन दाखवला, दिसायला अगदी नेहमीच्या फोनसारखा, फक्त वायर कंप्युटरच्या मागे खोचायची. पप्पांना तो फार आवडला. आईला हेडफोन घालायला लावायचं म्हणजे पंचाईत होती.

"काका, कॅमेरा भी ले जाओ," दुकानदार म्हणाला.

"फोन को कॅमेरा कायकू?"

"अरे, बेटे का मुंह देखो. बेटा आपका देखेगा. साईं, पसंद नहीं आया तो वापस ले आना."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घेऊन टाका."

टेलिफोनचा सॉकेट हॉलच्या खिडकीकडच्या भिंतीवर होता, म्हणून टेबलही तिथेच आलं. खुर्चीवर बसणाऱ्याची पाठ समोरच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर दोन फोटो होते. डावीकडे बुद्धाचा आणि उजवीकडे, जरा मोठा, बाबासाहेबांचा. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा गॅसच्या आधी हे दोन फोटो घरात आले होते, असं आई सांगते.

पहिल्यांदा राजरत्न पडद्यावर आला तेव्हा आई म्हणाली, "केस किती वाढवलेस रे!" आणि मग अर्धा तास एकटीच बोलत राहिली. पप्पा मात्र राजरत्नकडे बघतच नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, त्यात आमचंच घर दिसत होतं. पप्पा, आई, मागचं लोखंडी कपाट, कपाटावरचा पत्र्याचा डबा, आणि दोघांच्या डोक्यांच्या मधोमध बाबासाहेब.

"समोरच्याला हे एवढं सगळं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"मोठं दिसतं," राजरत्न हसून म्हणाला. "डबा काढा पप्पा तो कपाटावरचा."

डबा त्याच दिवशी निघाला.

डिसेंबरमध्ये राजरत्ननं सोनियाचं सांगितलं. त्याच्याच ऑफिसातली मुलगी, शितोळे आडनाव, साताऱ्याकडची. तिचे आईवडील महिनाभर तिच्याकडे राहायला येणार होते. "त्यांना तुमच्याशी बोलायचंय. येत्या रविवारी अकरा वाजता आपण सगळे बसू."

आई खूश झाली. पप्पांनी "बरं" म्हटलं. आणखी काही विचारलं नाही. त्या मुलीच्या घरी आपल्याबद्दल काय सांगितलंय, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

रविवारी मी नऊला पोचले. पप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्याशी झटत होते. आधी त्याचं तोंड डावीकडे फिरवलं, तर स्वयंपाकघराचा दरवाजा आला. उजवीकडे फिरवलं, तर गॅलरीतले वाळत घातलेले कपडे. टेबल सरकवून बघितलं, तर मोडेमची वायर पुरेना. सगळं पूर्वीसारखं करून ते त्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"ह्या भिंतीला रंग द्यायचाच झालाय," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही.

"रंगासाठी फोटो काढावाच लागेल. आजच काढून ठेवतो. यशू, स्टूल धर जरा."

मी स्टूल धरलं. त्यांनी बाबासाहेबांचा फोटो काढला, रुमालानं पुसला, आतल्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवला. बुद्धाचा तसाच राहू दिला.

"हा नको काढायला?" मी विचारलं.

"तो असू दे," माझ्याकडे न बघता म्हणाले. "बुद्ध हल्ली कुणाच्याही घरी असतो."

आई पोहे घेऊन बाहेर आली. भिंतीकडे बघितलं, मग पप्पांकडे. ताटली टेबलावर ठेवली.

"आणि पोराला बाबासाहेबांच्या लेकाचं नाव दिलंय, राजरत्न, त्याचं काय करताय?"

"नावावरून काय कळतं सगळ्यांना."

"ज्याला कळायचं त्याला कळतं."

"सुंदरा, त्याचं लग्न मोडू नये म्हणून करतोय. आज एक दिवस. संध्याकाळी लावतो परत."

आई आत गेली. पलंगावरचा फोटो उचलून तिनं जपून तिथल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात उभा ठेवला आणि मगच साडी बदलली.

अकराला फोन लागला. राजरत्न, त्याच्या शेजारी सोनिया, मागे तिची आई आणि वडील, हिंदुराव. पांढऱ्या मिशांचे, स्वेटर घातलेले. त्या खोलीतला एसी त्यांना बाधत असावा. नमस्कार झाले. प्रवास, हवा, जेवणखाण झालं. पप्पा नेहमीपेक्षा मोठ्यानं, पुस्तकी बोलत होते. "आपली प्रकृती कशी आहे?" असं काहीतरी. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

मधेच राजरत्न पडद्याजवळ आला, डोळे बारीक केले.

"पप्पा, बाबासाहेबांचा फोटो कुठे गेला?"

पप्पांनी हातातला फोन ह्या कानाचा त्या कानाला नेला. आवाज खोलीतल्या स्पीकरवरही येत होता, तेव्हा ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नव्हती.

"रंग द्यायचाय भिंतीला," ते म्हणाले. "म्हणून काढलाय."

आपलं बोलणं तिकडे पोचायला दोन सेकंद लागायची. ती दोन सेकंद मी राजरत्नचा चेहरा बघत होते. बोलणं पोचलं, आणि त्यानं मान खाली घातली. कोपऱ्यातल्या चौकटीत आमची भिंत दिसत होती. एका बाजूला बुद्ध, शेजारी खिळा, खिळ्याखाली फोटोच्या आकाराचा उजळ तुकडा. बुद्धाचा फोटो जागच्या जागी. रंगाचा डबा नाही, कागद नाही, सामान हललेलं नाही. लहान मुलालाही कळलं असतं.

हिंदुराव खाकरले.

"सोनावणेसाहेब, एक सांगू का? तुमच्या पोरानं पहिल्याच फोनवर आम्हाला सगळं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत, वडील कंपनीत होते, घरात काय मानतो, काय मानत नाही, सगळं. खोटं कशाला बोलू, आमच्या घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. माझा भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. पण मी म्हटलं, पोरगा काही लपवत नाही. जो लपवत नाही त्याच्या घरी पोरगी द्यायला हरकत नाही."

पप्पा "हो, हो" म्हणाले. तीनदा म्हणाले. मग "यशू बोल तू," म्हणून फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेले आणि ओले कपडे उगाच इकडचे तिकडे करत राहिले. पुढचं सगळं आईनं निभावलं. आई छान बोलली. मुलीला काय काय आवडतं ते विचारलं, मे महिन्यात या म्हणाली. एकदाही पप्पांची बाजू सावरायला गेली नाही.

संध्याकाळी त्यांनी फोटो लावला नाही. सोमवारी सकाळी जाऊन रंग आणला. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा, पण रंगारी बोलावला नाही. घासकागदानं भिंत घासली, लांबी भरली, दोन हात मारले. एकच भिंत वेगळी दिसायला लागली म्हणून उरलेल्या तिन्ही केल्या. चार दिवस घरात कुणाला नीट बसायला जागा नव्हती. पाचव्या दिवशी दोन्ही फोटो वर गेले. मी फोन केला तेव्हा आईनं हे सांगितलं आणि म्हणाली, "मी विचारलं त्यांना, आता खरं झालं का तुमचं? तर ब्रश धुवायला निघून गेले."

त्यानंतरचे तीन रविवार अकरा वाजता पप्पा घरात नसायचे. कधी भाजी आणायला, कधी कुणाचा पंखा बघायला. एकदा तर मोडेमच बंद करून ठेवला आणि लाइन खराब आहे म्हणाले. ज्या लाइनसाठी चार संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी जाऊन बसले होते, तिला नावं ठेवायला लागले. आईनं जाऊन बटण दाबलं, चारही हिरवे दिवे लागले.

चौथ्या रविवारी मी बसले होते. फोन लागला आणि पप्पा आतून येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"उठ जरा," म्हणाले. खुर्चीवर बसले. राजरत्न एकटाच होता.

"मी रंगासाठी काढला नव्हता."

"माहीत आहे पप्पा."

"माझं ऐकून घे. अठ्ठ्याहत्तर साली उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये खोली घेतली. मालकीण म्हणाली, सोनावणे म्हणजे आपल्यातलेच ना. सोनावणे सगळ्यांत असतात. मी हो म्हटलं. अडीच वर्षं हा फोटो टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत होता. जयंतीला आम्ही पाहुण्यांकडे जातो म्हणून निघायचो. तुझी आई तेव्हा नवी नवरी. तिला म्हटलं होतं, स्वतःचं घर झालं की पुन्हा असं करणार नाही." ते थांबले. "घर झालं. पोरं शिकली. आणि कुणी विचारलंही नसताना मी स्वतःच काढला."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला माहीत होतं.

राजरत्ननं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पप्पा, मला त्या दिवशी लाज वाटली," राजरत्न म्हणाला. "आधी वाटलं, तुमची नाही, परिस्थितीची. पण नाही. तुमचीच वाटली. आणि मग तुमची लाज वाटली ह्याची वाटली. मी चार रात्री नीट झोपलो नाही."

"बरोबर आहे," पप्पा म्हणाले.

त्यानं "जाऊ दे" म्हटलं नाही. पप्पांनीही ती अपेक्षा केली नाही. मग कुठून कोण जाणे, सिंगापूरला तांदूळ कुठला मिळतो ह्यावर दोघं वीस मिनिटं बोलत बसले.

लग्न पुढच्या मे महिन्यात अंबरनाथलाच झालं, बौद्ध पद्धतीनं. हिंदुराव आणि त्यांची बायको आले, सोनियाचा भाऊ जितेश आला. हिंदुरावांचा भाऊ आला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी हिंदुराव घरी चहाला आले. पप्पांना त्यांच्याशी त्या फोटोबद्दल बोलायचं होतं, सकाळपासून तसं म्हणत होते. पण समोर आल्यावर त्यांना नेटची माहितीच देत बसले. केबलचं घेऊ नका, टेलिफोनचं घ्या, मी येऊन बसवून देतो. आणि खरंच पावसाळ्यानंतर साताऱ्याला जाऊन बसवून आले. तिथेही ते बोलणं राहिलंच. हिंदुरावांनी कधी विषय काढला नाही. आजही त्यांचा फोन आला की पप्पा उभे राहून बोलतात, आणि गरज नसताना तीन-तीनदा हो म्हणतात.

माझ्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. पप्पा म्हातारे, घाबरले, असं सगळ्यांनी समजून घेतलं. मी अठ्ठावीस वर्षांची, शिकलेली, शाळेत मुलांना शिकवणारी. त्या सकाळी मी अडवायला एक शब्द बोलले असते तर पप्पा थांबले असते, ते माझं ऐकतात. मी गप्प राहिले, कारण भिंतीवरून फोटो निघाल्यावर मलाही जरा बरं वाटलं होतं. हे मी राजरत्नला अजून सांगितलेलं नाही.