निथळायला ठेवलेली गाडी

गुरुसिद्धअण्णांची गाडी बावीस वर्षांची आहे. गल्लीतल्या निम्म्या संसारांपेक्षा ती कमी कुरकुर करते असं बायका म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मूळ रंग पांढरा होता. आता कोणता आहे यावर शेजारच्या सयाजीचं आणि अण्णांचं एकमत नाही. सयाजी म्हणतो, "शिळ्या ताकासारखा." अण्णा म्हणतात, "तुला गाडी हाय? न्हाय न्हवं? मग गप."

अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. पोराला नको होतं म्हणून ते विकलं, पण दुकानाची शिस्त काही कुणी विकत घेतली नाही. धुतलेलं भांडं पुसायची घाई करायची नाही, पालथं घालायचं आणि आपोआप निथळू द्यायचं, ही त्यांची शिकवण. तीच त्यांनी गाडीला लावली. ऑइल ते घरीच बदलतात. दुसरा माणूस खालचा बोल्ट काढील, काळं ऑइल घमेल्यात सोडील, एक चहा मारील आणि नवीन ओतून मोकळा होईल. अण्णा सकाळी बोल्ट काढणार आणि संध्याकाळपर्यंत इंजिन कोरडं ठाक ठेवणार. शेवटचा थेंब पडल्याशिवाय नवीन डब्याचं बूच उघडायचं नाही.

"अण्णा, इंजिन हाय का लोणच्याची बरणी?" सयाजी दरवेळी विचारतो.

"बरणी असती तर तुझ्यापासनं लपवून ठेवली असती."

तोवर कुणी चुकून गाडी चालू करू नये म्हणून अण्णा स्टिअरिंगला तांबडं फडकं बांधतात. गल्लीत गाडीची किल्ली कुणीही हक्कानं मागतं, पण फडकं दिसलं की मागत नाही. हा कायदा सगळ्यांना पाठ.

हसायला ठीक आहे, पण ही गाडी म्हणजे अण्णांच्या बायकोचे, शांताक्कांचे, पाय. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पायरी चढवत नाही, रिक्षाच्या धक्क्यानं डोळ्यांत पाणी येतं. गाडीची पुढची सीट अण्णांनी त्यांच्या बेतानं उंच करून घेतली आहे. त्या सीटवर बसून अक्का दर पंधरवड्याला संकेश्वरला थोरल्या बहिणीकडं जातात. बहीण अंथरुणाला खिळलेली. दोघी कन्नडमध्ये पोटभर बोलतात, त्याहून जास्त भांडतात, आणि परत येताना अक्का अशा दिसतात की अण्णा आरसा उगाचच त्यांच्या बाजूला वळवतात. पुण्याचा मुलगा शिवांश मात्र फोनवर एकच लावून धरायचा, "अप्पा, आता काढून टाका ती." कंटाळून अण्णांनी शब्द दिला होता, की आता इंजिन बिघडलं तर दुरुस्ती नाही, सरळ भंगारात. आणि अण्णा शब्द मोडत नाहीत, हीच पंचाईत.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी ऑइल काढलं. सणाला गाडी आतूनही स्वच्छ हवी. बोल्ट रॉकेलच्या वाटीत टाकला, फडकं बांधलं, आणि आणलेला फिल्टर भलताच निघाला म्हणून तो बदलायला शाहूपुरीत गेले.

इकडं अक्कांनी पूजा मांडली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा त्यांच्या माहेरचा कडक नेम. विळी, कात्री, हातोडी, अण्णांचे झाडून सगळे पाने पाटावर बसले. वाटीत बोल्ट दिसला. तो तरी का उपाशी ठेवा? अक्कांनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला, त्यावर विभूतीची बोटं ओढली आणि पाटावर मधोमध मांडला. मग गाडीकडं वळल्या. कधी किल्ली न मागणाऱ्या अक्कांच्या ध्यानात फडक्याचा कायदा नव्हता. सणासुदीला स्टिअरिंगला तेलकट फडकं? ते सोडलं आणि झेंडूची माळ घातली.

राहिलं लिंबू. वाहनाची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी वरनं न्यायची, म्हणजे वर्षाची पीडा टळते. अक्कांना वाकता येत नाही आणि गाडीही चालवता येत नाही, म्हणून सयाजीला हाक गेली. लिंबू ठेवताना सयाजीला खालचं घमेलं दिसलं. पण फडकं नव्हतं. फडकं नाही म्हणजे काम झालं. तो आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

अण्णा फिल्टर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांना गाडीचा आवाज आला. डबड्यात खडे हलवल्यासारखा. सत्तरीला टेकलेला माणूस धावला. एक चप्पल मागं राहिली, ती कोपऱ्यावरच्या तानाबाईंनी उचलून ठेवली. ते पोचेपर्यंत लिंबू चिरडून झालं होतं आणि सयाजीनं गाडी बंद केली होती.

"झालं बघा अण्णा, एका दणक्यात. आत एक तांबडा दिवा लागलेला. मला वाटलं, सणाचं काय तरी लायटिंग केलंय तुमी."

अण्णांचा आवाज असा, की दुकानात नोकराच्या हातनं पातेलं पडलं तर पातेल्यापेक्षा अण्णाच लांबवर ऐकू जायचे. तो आवाज गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात आरतीचं ताट घेतलेल्या अक्का म्हणाल्या, "एन्री, अहो, यंदा लिंबू अगदी बारीक झालं बघा. बरं जाईल वर्ष." आणि त्या हसल्या.

अण्णांनी आवाज गिळला. "झकास झालं," म्हणाले.

मग सयाजीला भिंतीआड ओढून विचारलं, "किती वेळ चालू होती?"

"आरती होईस्तोवर."

"बारकी का मोठी?"

"बारकीच की. पण अक्का सावकाश म्हणत्यात. का ओ?"

आत ऑइलचा थेंब नव्हता आणि कोरडं इंजिन आतून घासून निघतं, हे अण्णांनी सांगितलं. सयाजीचा चेहरा ताकाच्या रंगाचा झाला. "लगेच भरूया की ऑइल. बोल्ट कुठाय?"

"पाटावर. विभूती लावून बसलाय."

"मी दुसरा आणतो. माझा पाना..." सयाजी थांबला. "आमच्यातबी पुजलेत. हात लावला तर स्नेहल मला पुजंल."

"राहू दे. कळायचं ते उद्या कळंल. हिला सांगू नको."

सयाजीनं शपथ घेतली आणि फक्त बायकोला सांगितलं. स्नेहलनं फक्त तानाबाईंना सांगितलं. दुपारपर्यंत अण्णांच्या इंजिनाची चौकशी अख्ख्या गल्लीत चालू होती आणि अण्णा कडबू ताटात तसेच टाकून उठले होते. गोडाला नाही म्हणणारे अण्णा अक्कांनी लग्नापासून पाहिले नव्हते. चार वाजता तानाबाई चप्पल परत करायला आल्या आणि हळहळत म्हणाल्या, "अक्का, आता संकेश्वरचं कसं करणार ओ तुमी?"

दिवेलागणीला अक्का भिंत धरत धरत बाहेर आल्या. अण्णा गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. अक्कांनी मूठ उघडली. बोल्ट होता.

"घ्या. देवाची माफी मागून आणलाय."

अण्णांनी आधी बोल्टकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय सांगितलं ते विचारा. मला का न्हाय बोलला तुमी?"

"लिंबू बारीक झालं म्हणून एवढी खूश झालतीस."

अक्कांनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "नेम गेला तर जाऊ दे. बसवा."

"ठेव जा पाटावर," अण्णा म्हणाले. "एका दिवसात इंजिन आणि देव, दोन्ही बिघडवून ठेवू काय? आणि ते कडबू गरम कर. दोन खातो."

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली. अण्णांनी बोल्ट आवळला, फिल्टर बसवला, ऑइल भरलं. अक्का कुणी न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. सयाजी भिंतीवरनं बघत होता, सुतकात असल्यासारखा.

किल्लीवर हात ठेवून अण्णा थांबले. "न्हायच झाली चालू, तर?"

"तर न्हाय. थोरलीशी फोनवर भांडीन."

"तिला फोनवर ऐकू येत न्हाय."

"मग मीच जिंकंन की."

अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. तांबडा दिवा विझला. खडखडही बसली, पण सगळी नाही. आत कुठंतरी एक टकटक राहिली, बारीक, सुताराच्या हातोडीसारखी. अण्णा कान लावून ऐकत राहिले. टकटक वाढली नाही, कमीही झाली नाही.

"चला," अक्का म्हणाल्या.

संकेश्वरच्या वाटेवर कागल ओलांडताना शिवांशचा सणाचा फोन आला. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून अक्कांनी घेतला. पलीकडं पोराचे कान तिखट.

"अव्वा, कसला आवाज येतोय? गाडी बिघडली काय?"

अण्णांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. पण शब्द त्यांनी दिला होता, अक्कांनी नव्हता.

"बिघडली न्हाय रे," अक्का म्हणाल्या. "बोलायला लागलीय. आता मावशीकडं गेलो की आम्ही तिघीजणी."