फायरवॉल मीच बंद केली होती

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, तेव्हा तो दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हमधून आला असं मी तळोद्यात सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. सहा वर्षं ते गावात खरं म्हणून चाललं, आणि त्याची किंमत ज्याने मोजली तो माणूस रोज मला नमस्कार करत राहिला. आज माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. हे लिहून ठेवायला आता उशीर नको.

मी प्राथमिक शिक्षक होतो. नोकरीची पहिली काही वर्षं नर्मदेकाठच्या एका पाड्यावर गेली. तेव्हा धरणाचं पाणी चढलं नव्हतं. माझ्याकडे एक साधा कॅमेरा होता. मी शाळा, घरं, नदीकाठचे वाळवणाचे खडक, अंगणातली माणसं यांचे फोटो काढत असे. पुढे ते सगळं पाण्याखाली गेलं. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला तेव्हा पहिलं काम केलं ते हे फोटो स्कॅन करण्याचं. स्कॅनर दुरुस्तीवाल्याचा होता. फोटो कॉम्प्युटरमध्ये आले म्हणजे पक्के झाले, या समजुतीत मी मूळ फोटो ज्यांचे त्यांना वाटून टाकले. पुनर्वसनाच्या गावांतून लोक यायचे, आपलं घर ओळखायचे, फोटो कुडत्याच्या खिशात ठेवून न्यायचे. मला फार बरं वाटायचं.

दुरुस्तीवाल्याचं घराणं तळोद्यातलं जुनं मुसलमान घराणं. आजोबा कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करत, वडील रेडिओ आणि घड्याळं, हा कॉम्प्युटर. टेबल तिघांचं एकच. मी त्याला भाई म्हणतो. त्यानेच मला अँटिव्हायरस बसवून दिला आणि फायरवॉल म्हणजे काय ते समजावलं. "अँटिव्हायरस म्हंजे घरमा शिरेल चोरले धरनारा. फायरवॉल म्हंजे दारवरना मानूस. कोन येस, कोन जास, तो देखस. दोन्ही लागतस, गुरुजी." मी मान डोलावली होती.

आता चुकीकडे येतो. ती आम्हा शिक्षकांचीच चूक म्हणायला हवी. मराठी टायपिंगसाठी आमच्यात एक जुना प्रोग्रॅम फिरत होता. तो कोणी विकत घेतलेला नव्हता. एका सीडीवरून दुसऱ्या सीडीवर उतरत आलेला होता. अर्ज, निरोपसमारंभाची मानपत्रं, लग्नपत्रिका, सगळं त्याच्यावर. अँटिव्हायरस चालू असला की तो प्रोग्रॅम उघडत नसे, कारण तो चोरीचा होता आणि अँटिव्हायरसला ते कळत होतं. मी उपाय शोधला. अँटिव्हायरस बंद करायचा, फायरवॉलही बंद करायची, मग प्रोग्रॅम चालतो. मला या शोधाचा इतका अभिमान वाटला की मी तो वळणदार अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिला, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक सीडीच्या डबीत एकेक घालून वाटल्या. खाली सही सुद्धा केली.

काम झाल्यावर दोन्ही पुन्हा चालू करा, हे वाक्य त्या चिठ्ठीत नव्हतं. मीही चालू केलं नाही. कित्येक महिने घर उघडंच होतं.

मग एक ईमेल आला. पेन्शनच्या फरकाची यादी जोडली आहे, असं त्यात लिहिलं होतं. निवृत्त माणूस सगळं टाळेल, फरकाची यादी टाळणार नाही. मी ती उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर एकही फोटो उघडेना. सगळ्या फाइलींची नावं बदललेली, आणि पडद्यावर खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी.

मी कॉम्प्युटरचा डबा उचलून रिक्षात घातला आणि भाईच्या दुकानात नेला. दिवस हयातीच्या दाखल्याचे होते. शेजारच्या चहाच्या टपरीवर सात-आठ पेन्शनर बसले होते. सगळे माझ्याभोवती जमले. "काय झालं गुरुजी? तुमच्यासारख्या जाणकाराकडे व्हायरस?" हा प्रश्न मला झोंबला. आठवड्यापूर्वी भाई आमच्याकडे येऊन पेनड्राइव्हवर एक फोटो घेऊन गेला होता. ते मला नेमकं त्या क्षणी आठवलं. मी म्हणालो, "दुसऱ्यांचे पेनड्राइव्ह लावू दिले की असंच होतं." आणि दुकानाकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

भाई आत कॉम्प्युटर उघडून बसला होता. त्याने वर पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फोटो परत नही येवाव, गुरुजी." बस, एवढंच.

त्यानंतर शिक्षकांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. मास्तर लोक एकमेकांचं ऐकतात. एकाने नंदुरबारला नेलं की दहा जण नंदुरबारला नेतात. भाईने अर्ध्या टेबलावर मोबाइलची कव्हरं विकायला मांडली. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागलो. तो पलीकडून हात उंचावून सलाम करायचा.

यंदा जुना कॉम्प्युटर पूर्ण बसला आणि नवा घ्यायचं ठरलं. अँटिव्हायरस कोणता घ्यावा यावर मी आठ दिवस वाचत होतो. जाहिराती सगळ्याच छान. बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "आते कोनले इचारशात? ज्याले समजस, त्यानं नाव तं तुम्ही सारा गावमा खराब करी उनात."

मी म्हटलं, "पेनड्राइव्ह त्याचाच होता."

"मी वाचेल शे तुम्हनी ती चिठ्ठी," ती म्हणाली. "अक्षर भलतं सुंदर शे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, बंद केलेली फायरवॉल, फरकाची यादी. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माले त्याच दिनले समजनं व्हतं, गुरुजी. अँटिव्हायरस सारं लिखी ठेवस. कव्हय बंद करेल शे, कितला वाजता करेल शे. मी पडदावर वाचं."

"मग बोलला का नाहीस?"

"बाहेर तुम्हना आठ दोस्त उभा व्हतात. त्यास्नासमोर तुम्हले खोटं पाडू का? मन्हा बाप सांगे, गिऱ्हाइकनं घड्याळ उघडं करानं, गिऱ्हाइकले नही."

मी हात जोडले. माफ कर म्हणालो. तो हसला, पण मान हलवली. "माले सांगीसन काय फायदा? माले तं मालूमच व्हतं. ज्यास्ले मालूम नही, त्यास्ले सांगा."

मग तो नव्या कॉम्प्युटरकडे वळला, आणि मी आठ दिवस वाचून जे समजलो नव्हतो ते त्याने चहा संपेपर्यंत समजावलं. नव्या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही आधीपासून असतात. माझ्यासारख्या घरगुती माणसाला ते पुरतात, फक्त चालू ठेवायचे आणि अपडेट येईल तेव्हा येऊ द्यायचे. विकतचा घ्यायचा तर एकच घ्यायचा. दोन अँटिव्हायरस एका घरात दोन सासवांसारखे, एकमेकींवरच नजर ठेवतात. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे झोपलेला राखणदार. आणि जे जपायचं त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची, ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. मराठी टायपिंग नव्या कॉम्प्युटरमध्ये असतंच, चोरीच्या सीडीची गरजच नाही. शेवटी त्याने अशी सोय केली की पासवर्ड टाकल्याशिवाय यातलं काहीच बंद करता येऊ नये. तो पासवर्ड त्याने मला दिला नाही. घरी येऊन बायकोला दिला.

महिन्याच्या बैठकीत आम्ही तीसेक निवृत्त शिक्षक जमतो. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "व्हायरस दुरुस्तीवाल्याने आणला नव्हता. तो मी आणला. फायरवॉल मीच बंद केली होती, आणि तुम्हा सगळ्यांना बंद करायला मीच शिकवलं. घरी जाऊन ती आधी चालू करा."

मग मागून एक जुने मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, तुमची चिठ्ठी अजून माझ्या सीडीच्या डबीत आहे. लॅमिनेट केली मी."

हसू उसळलं. मीही हसलो, पण बसलो नाही. "ती मला परत द्या," म्हटलं, "आणि कॉम्प्युटर भाईकडे न्या. नंदुरबारला नको."

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम दुकानासमोरून, त्याच्याच बाजूने गेलो. मुख्याध्यापकांचा कॉम्प्युटर टेबलावर उघडा होता आणि मोबाइलची कव्हरं खाली एका खोक्यात सरकवलेली होती. भाईने स्क्रूड्रायव्हर उचलूनच सलाम केला. त्याच्या स्कॅनरवर एक जुना कृष्णधवल फोटो पालथा ठेवलेला होता. पुनर्वसनाच्या गावातून एक म्हातारा सकाळीच देऊन गेला होता. मी सरळ करून पाहिला. माझी शाळा होती.

"मी दोन प्रती करस," भाई म्हणाला. "एक तुम्हनी, एक कपाटमा."