अण्णांनी ठेवलेलं प्रस्थान

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. ज्यांचा आहे, त्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. तेव्हा आज तुम्ही मला हसलात, तर फिटंफाट समजेन.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. आई-अण्णांनी संसार मांडला तो वाईला. आई गेल्यावर अण्णांचा एकच धोशा... ते खोरं एकदा डोळे भरून बघायचं. म्हणून वाईच्या पुढे, धोमच्या पाण्याकाठी मी एक लाकडी केबिन बुक केली. जाहिरातीत 'आत्म्याशी संवाद' होता, फोटोत प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

जायचं मंगळवारी. अण्णांना वार पटेना. "शनिवार चांगला आहे, प्रस्थान ठेवतो." म्हणजे चांगल्या दिवशी आपलं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. पंच्यात सुपारी-तांदूळ बांधून ते जोशीकाकूंच्या फडताळात ठेवून आले.

"देवाचं वेब चेक-इन," मी म्हणालो.

"हस. तू विमान चुकवलंयस. माझी एसटीसुद्धा कधी चुकली नाही."

सोमवारी त्यांना धाप लागली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला — कायमचा. मंगळवारची सारी दुपार ते झोपून होते, मी उशाशी. झोपेत एकदा हसले, एवढंच.

नंतर साताऱ्याला काम निघालं, तसाच पुढे केबिनवर गेलो. न कळवता बुकिंग बुडवलं होतं, माफी मागावी म्हणून. धुकं पाण्यावरून ओट्यापर्यंत आलेलं, समोरचा डोंगर असून नसल्यासारखा. मी नाव सांगितलं. राखणदार शिंदेमामा चुलीपुढून उठलेसुद्धा नाहीत.

"आवं, वडलांना एकटं धाडून तुमी कुठं ऱ्हायला?"

"कुणाच्या वडलांना?"

"तुमच्याच की. मंगळवारी दुपारी आलं हुतं. कानात मशीन, काखंत गाठोडं. हितंच बसलं. म्हणलं, मंडळी मागनं येत्यात."

मी मोबाईलवर अण्णांचा फोटो दाखवला.

"ह्येच. लय गोड माणूस. पर माज्या चहाला नावं ठिवली."

घरी येऊन मी कुणाला काही बोललो नाही. अण्णाच म्हणाले, "गवती चहा फार घालतो रे तो." मग डोळे मिटून, "काकूंकडनं गाठोडं आण आता. प्रवास झाला."

काकूंनी फडताळाचं कुलूप माझ्यादेखत काढलं. पंचा ओलसर होता... आणि त्याला चुलीच्या धुराचा वास होता. काकूंकडे गॅस आहे.

दमट हवा, राखणदाराचा घोटाळा — सगळं लावून पाहिलं, जुळत नाही. अण्णा आता खोऱ्याचं नाव काढत नाहीत, शांत झोपतात. पंचा बायकोने धुवायला मागितला. मी अजून दिलेला नाही.