मावशी कोणाच्या बाजूनं होती?

सुमनमावशी गेल्याचं कळवायला तिच्या मुलीचा, लीनाचा फोन आला, तेव्हा मी कुकर लावत होते. लीनाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. त्या दिवशी एवढंच मराठीत बोलली, "आई गेली." पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. तीनच आठवड्यांपूर्वी तर आम्ही दोघी सिनेमाला गेलो होतो...

ती माझी सख्खी मावशी नव्हे. हायडेलबर्गला पीएचडीसाठी आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला जेवायला बोलावलं आणि मावशी होऊन बसली. मूळची नाशिकची, क्लाउसकाकांशी लग्न करून इथलीच झालेली. काका गेल्यावर दर शनिवारी त्यांच्या थडग्यावरची फुलझाडं खुरपायची आणि घरी येऊन बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायची. सिनेमाचं भारी वेड. पडद्यावरची भाषा कुठलीही असो, खालच्या जर्मन ओळी वाचून माझ्या कानात मराठीत सांगत राहायची. मला जर्मन येतं हे तिला कधी पटलंच नाही.

शेवटचा सिनेमा नायजेरियातल्या योरुबा लोकांचा होता, इंग्रजांच्या राज्यातला. गावातला म्हातारा ढोलवादक मरतो. रीत अशी की घरच्या कर्त्या माणसाला घरातच, जमिनीखाली पुरायचं. गोरा साहेब म्हणतो, रोगराई पसरेल, गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत न्या. मुलगा मान डोलावतो, दार लावून बापाला घरात पुरतो आणि मातीनं भरलेली पेटी वाजतगाजत साहेबाच्या दफनभूमीत नेतो. साहेब टोपी काढून उभा! मावशी एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. दिवे लागले तेव्हा मात्र तिचे डोळे लाल होते. ट्रामच्या थांब्यावर म्हणाली, "साहेबाचं काय चुकलं गं? नियम तो नियम." ट्राम आली, दोन थांबे गेले. "नाही, पोराचंच बरोबर. आपलं माणूस आपल्या घरात हवं."

"अगं मावशी, एक काय ते ठरव!"

"आल्झो, घाई काय आहे?" ती तिच्या नेहमीच्या जर्मन पालुपदानं म्हणाली.

घाई होती. इथे कायद्यानं अस्थिकलश घरी ठेवता येत नाही. लीनाला तो बाबांच्या शेजारी पुरायचा होता. नाशिकहून मावशीच्या भावाचा रोज फोन, अस्थी गोदावरीतच सोडायच्या, कागदपत्रं करा. मावशीनं लिहून काहीच ठेवलं नव्हतं. लीना मला म्हणाली, मनातलं ती तुझ्याशीच बोलायची, तूच सांग तिला काय हवं होतं. मी काय सांगणार, कपाळ! माझ्याकडे एक सिनेमा होता आणि ट्राममधली दोन वाक्यं, तीही एकमेकांच्या उलटी. आणि 'आपलं घर' म्हणजे कुठलं? नाशिकचं, इथलं, की काका आहेत तिथलं? शेवटी छातीठोकपणे सांगून टाकलं, "बाबांच्या शेजारी म्हणाली होती." खरं बोलले की खोटं, मला अजून कळत नाही.

कलश पुरला त्या दिवशी मी तिथली ओंजळभर माती रुमालात बांधून घेतली. का, ते विचारू नका. मावशीच्या बाल्कनीत जाऊन तुळशीच्या कुंडीत घालत होते, तर लीना मागे येऊन उभी. मी चपापले. ती शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "आई पण हेच करायची. दर शनिवारी कोटाच्या खिशातून बाबांच्या थडग्याची चिमूटभर माती आणायची. मला आत्तापर्यंत वाटायचं, खत आहे." मग आम्ही दोघी तिथेच बसून खूप रडलो.

लीनानं कुंडी मला दिली. आता ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. पुढच्या आठवड्यात मी भारतात चालले आहे, नाशिकलाही जाईन. कुंडीतली चिमूटभर माती पुडीत बांधली आहे. गोदावरीत सोडावी असं वाटतं, मग वाटतं, तिला काकांपासून कशाला हलवा... सकाळपासून तीनदा पुडी बॅगेत ठेवली आणि तीनदा बाहेर काढली.